पित्ताच्या पिशवीचा कर्करोग आणि दवाखान्यांची वाट

(सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

आज जरा अवघड विषय घेतलाय. पण हातातलं काम चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल, शेवटी मात्र दोन मिनिटं कागद-पेन घेऊन बसा. विषय आहे पित्ताच्या पिशवीचा आणि पित्ताच्या नळीचा कर्करोग. हा आजार झाल्यावर एखादी बाई उपचारापर्यंत पोचते आणि दुसरी वाटेतच अडकते, असं का होतं, ते आपण समजून घेऊ.

सुरुवात आमच्याच तालुक्यातल्या दोघींपासून करतो. नावं सांगत नाही. एक काकू होत्या पंचावन्नच्या, दुसऱ्या वहिनी अठ्ठेचाळीसच्या. दोघींच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. दोघींचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, वेगवेगळ्या दवाखान्यांत. काकूंच्या ऑपरेशननंतर त्यांच्या मुलाच्या हातात एक प्लास्टिकची डबी दिली गेली. आत खडे आणि काढलेली पिशवी. "बघा, केवढे खडे निघाले." घरी आल्यावर पाहुण्यारावळ्यांना खडे दाखवून झाले आणि पिशवी मुलाने उकिरड्यावर टाकली. ती तपासायला द्यायची असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दहा महिन्यांनी काकूंना कावीळ झाली.

वहिनींच्या दवाखान्यातून पिशवी त्याच दिवशी लॅबला गेली. फॉर्मवर त्यांच्या भावाचा फोन नंबर लिहून घेतला होता. नवव्या दिवशी फोन आला: रिपोर्ट न्यायला या, आणि डॉक्टरांना भेटल्याशिवाय जाऊ नका. रिपोर्टमध्ये कर्करोग होता, पण पिशवीच्या भिंतीपुरताच.

काकूंच्या पिशवीत त्या वेळी काय होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तेच आम्हाला अजून टोचतं. दोघींची घरची परिस्थिती सारखी, दोघींची रेशनकार्डं सारखी, दोघींचं गाव तालुक्यापासून तेवढंच लांब. फरक पडला तो एका डबीचा, एका फॉर्मचा आणि एका फोनचा.

आपण म्हणतो ते पित्त वेगळं

आपण बायका दिवसातून दहा वेळा म्हणतो, "आज पित्त झालंय." डोकं दुखलं की पित्त, आंबट ढेकर आली की पित्त, उपास घडला की पित्त. ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात ते यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होतं. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर हिरवट-पिवळा रस. तेला-तुपाचं अन्न पचवायला तो लागतो. यकृताच्या खाली, उजव्या बरगडीआड, लांबट लहान वांग्यासारखी एक पिशवी असते. तिच्यात हे पित्त साठतं आणि पेन्सिलीहून बारीक नळीतून लहान आतड्यात उतरतं. कर्करोग त्या पिशवीत होऊ शकतो, नळीत होऊ शकतो, किंवा नळी आतड्यात उघडते त्या तोंडाशी होऊ शकतो.

या शब्दाच्या घोटाळ्यामुळे काय होतं? जेवल्यावर उजव्या बाजूला दुखतं, पोट गच्च वाटतं, अन्न नकोसं होतं. बाई म्हणते पित्त आहे, आणि दुकानातून गोळी आणते. सहा-सहा महिने गोळ्यांवर जातात.

भारतात पित्ताशयाचा कर्करोग सगळीकडे सारखा नाही. गंगेकाठच्या पट्ट्यात, म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आणि तिकडे आसामात तो बराच जास्त आहे. महाराष्ट्रात त्या मानाने कमी. पण जिथे होतो तिथे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. या रोगाच्या बहुतेक रुग्णांच्या पिशवीत खडे सापडतात. आता हे ऐकून घाबरू नका. खडे असलेल्या बहुतेक बायकांना कर्करोग होत नाही. पण खडे असतील, दुखत असेल, तर तपासणी टाळायची नाही, आणि काढलेली पिशवी तपासल्याशिवाय टाकायची नाही.

आपल्याकडे हा रोग कमी, ही चांगलीच गोष्ट. पण तिचीच एक अडचणही आहे. तालुक्याच्या डॉक्टरांना असा रुग्ण क्वचित दिसतो. रोजच्या शंभर पोटदुख्यांमधून तो एक ओळखायचा असतो. म्हणून कुणा एका डॉक्टरच्या हुशारीवर सगळं सोडून चालत नाही. व्यवस्थाच अशी हवी की रुग्ण आपोआप पुढच्या दारापर्यंत पोचेल.

एका आजाराला पाच-सहा माणसं लागतात

हाड मोडलं तर एक डॉक्टर पुरतो. इथे तसं नाही. कर्करोग कुठपर्यंत पसरलाय हे सांगायला सीटी स्कॅन आणि एमआरआय वाचणारा डॉक्टर लागतो. अडलेली नळी मोकळी करायला, तोंडातून दुर्बीण घालून तिच्यात बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवणारा पोटविकारतज्ज्ञ लागतो. ते जमलं नाही तर बाहेरून यकृतात सुई घालून पित्त काढणारा लागतो. यकृतावर ऑपरेशन करण्यात हात बसलेला सर्जन लागतो. तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. केमो देणारा लागतो. आणि दुखणं आवरणारा, घरच्यांशी बोलणारा लागतो.

ही सगळी माणसं एका छताखाली असतील तर रुग्ण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो. ती पाच शहरांत विखुरलेली असतील तर जोडायचं काम कुणाच्या वाट्याला येतं? शाळा चौथीपर्यंत झालेल्या नवऱ्याच्या, नाहीतर कॉलेज बुडवलेल्या मुलाच्या. आणि आजार तर त्याच्यासाठी थांबत नाही.

आम्ही काकूंबरोबर फिरलो, तेव्हा वाट कुठे कुठे तुटते ते पाहिलं.

पहिलं वळण: कावीळ

कावीळ झाली की आपल्याकडे आधी काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. काविळीची माळ घालतात, झाडपाला देतात, तेल-तूप बंद करतात. दूषित पाण्यातून झालेली कावीळ बहुतेक वेळा आपोआपच उतरते, आणि श्रेय माळेला जातं. पण पित्ताची नळी अडल्यामुळे झालेली कावीळ उतरत नाही, वाढत जाते. तिच्या खुणा लक्षात ठेवा. लघवी चहासारखी गडद होते. शौच पांढरट, मातकट होतं. अंगाला सारखी खाज सुटते, रात्री झोप लागत नाही. वजन उतरतं. आणि पुष्कळदा दुखत नाही, म्हणून बाई अंगावर काढते.

अशी कावीळ दिसली की रक्त तपासून त्याच आठवड्यात सोनोग्राफी व्हायला हवी. नळी अडलेली आहे की नाही, हे सोनोग्राफीत बहुधा कळतं. इथे व्यवस्थेचा पहिला प्रश्न येतो. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं मशीन असतं, पण ते चालवणारा डॉक्टर रोज असतोच असं नाही. मग तारीख मिळते. काकूंचे तीन आठवडे माळेत गेले, आणि त्यानंतरचे दोन आठवडे तारखेच्या प्रतीक्षेत.

दुसरं वळण: आधी काय, नंतर काय

नळी अडलेली आहे म्हटल्यावर "आधी स्टेंट टाकून घेऊ" असं पुष्कळ ठिकाणी होतं. यात वाईट हेतू नसतो, पण क्रम महत्त्वाचा असतो. स्टेंट टाकल्यावर आजूबाजूला सूज येते, आणि मग स्कॅनमध्ये रोग किती आणि सूज किती, हे ओळखणं अवघड होतं. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर आधी चांगला सीटी किंवा एमआरआय, मग पुढची मसलत, आणि मग स्टेंटचा निर्णय. याला अपवाद एकच. कावीळ आणि सोबत थंडी वाजून ताप असेल तर नळीत जंतुसंसर्ग झालेला असतो. तेव्हा वाट बघायची नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा, गाडी हवी तर १०८ ला फोन करायचा. स्टेंट टाकल्यानंतरही हेच लक्षात ठेवा. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बदलावा लागतो, आणि त्याआधीही तो तुंबू शकतो. थंडीताप आला, डोळे पुन्हा पिवळे झाले, की लगेच जायचं.

काकूंना स्टेंट टाकला, पण तो बदलायचा कधी आणि कुणी, ते डिस्चार्जच्या कागदावर नव्हतं. ज्यांनी टाकला त्यांना वाटलं केमोवाले बघतील. केमोवाल्यांना वाटलं ज्यांनी टाकला ते बघतील. स्टेंट तुंबला, ताप आला, आणि महिना वाया गेला.

तिसरं वळण: ऑपरेशन होईल की नाही, हे कोण ठरवणार

या कर्करोगात पुरतं बरं होण्याची खरी आशा ऑपरेशनमध्येच असते, आणि तीही रोग पसरण्याआधी. हे ऑपरेशन खड्यांच्या ऑपरेशनसारखं नसतं. पिशवीबरोबर तिला चिकटलेला यकृताचा भाग आणि आजूबाजूच्या गाठी काढाव्या लागतात. नळीचा कर्करोग असेल तर त्याहून मोठं काम असतं.

अशी ऑपरेशनं ज्या रुग्णालयात वरचेवर होतात, तिथे ऑपरेशननंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण कमी असतं, हे जगभर दिसून आलंय. कारण नुसता सर्जनचा हात नसतो. तिथले भूलतज्ज्ञ, आयसीयूतल्या सिस्टर, रात्री दोन वाजता गुंतागुंत ओळखणारा शिकाऊ डॉक्टर, सगळ्यांनाच सवय झालेली असते. आणि याची दुसरी बाजू अशी की ज्याने असं ऑपरेशन फारसं केलेलं नाही, तो "होणार नाही" असं लवकर म्हणू शकतो. तो आपल्या परीने खरंच बोलत असतो, त्याच्याकडे ते होण्यासारखं नसतंच. पण घरचे ऐकतात ते असं की कुठेच होणार नाही, आणि गाडी घराकडे वळते.

म्हणून मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ट्यूमर बोर्ड असतो. म्हणजे आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले, स्कॅन वाचणारे आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात आणि एकेका रुग्णाचे कागद समोर ठेवून ठरवतात. आपल्या बचत गटाच्या मीटिंगसारखंच आहे. एकटीने कर्ज ठरवलं तर चूक होते, दहाजणींनी विचारलं तर एखादी तरी म्हणते, "थांबा, हे राहिलंय."

वहिनींच्या बाबतीत तसंच झालं. त्यांच्या तालुक्याच्या सर्जननी रिपोर्ट हातात देताना स्पष्ट सांगितलं, "माझं काम इथपर्यंत. पुढचं ऑपरेशन मी करणार नाही, ज्यांचं ते रोजचं काम आहे त्यांच्याकडे पाठवतो." चिठ्ठी लिहिली, फोन केला. काही आठवड्यांत वहिनींचं दुसरं ऑपरेशन मोठ्या रुग्णालयात झालं. आमच्या मते त्या सर्जनचं ते एक वाक्य हाच सर्वांत मोठा उपचार होता.

चौथं वळण: केमो

ऑपरेशन शक्य नसेल तर करण्यासारखं काहीच उरत नाही, असं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१० साली ८१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊ शकत नव्हतं असे हे रुग्ण होते. नुसती आधाराची काळजी मिळालेल्यांचं आयुष्य मध्यम हिशेबाने साडेचार महिने होतं, तर दोन औषधांची ठरावीक केमो मिळालेल्यांचं साडेनऊ महिने. त्याच वर्षी इंग्लंडमधला ४१० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात एका औषधावर साधारण आठ महिने आणि दोन औषधांवर पावणेबारा महिने असा फरक दिसला. महिनेच आहेत, वर्षं नाहीत, हे आम्ही लपवत नाही. पण एखादीच्या मुलीचं लग्न, एखादीच्या नातवाची दहावी त्या महिन्यांत असते. ते महिने हवेत की नकोत हे तिने ठरवावं, एसटीच्या वेळापत्रकाने नव्हे.

वेळापत्रकाने म्हणतो, कारण हिशेब करून बघा. इंग्लंडमधल्या त्या अभ्यासातली केमो तीन आठवड्यांच्या एका फेरीत दोनदा देतात, आणि अशा आठ फेऱ्यांपर्यंत. म्हणजे सोळा खेपा. प्रत्येक खेपेआधी रक्ततपासणी. सोबत एक माणूस, त्याची मजुरी बुडाली. तीनशे किलोमीटरवर हे करायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच घर मोडतं. हीच केमो जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाली, औषध आणि मात्रा मोठ्या रुग्णालयाने ठरवून दिली, तर तीच बाई सोळा खेपा पुऱ्या करू शकते. जिल्हा रुग्णालयांत केमोची डे-केअर केंद्रं काढण्याची घोषणा केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली, तिचं मोल इथे आहे. आपल्या जिल्ह्यात ती सोय सुरू झाली का, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आणखी एक गोष्ट. काविळीचं प्रमाण जास्त असताना ही केमो देता येत नाही. म्हणजे आधी नळी मोकळी व्हायला हवी. स्टेंटचं दार आणि केमोचं दार एकमेकांशी बोलत नसतील, तर बाई दोन्हींच्या मध्ये बसून राहते. काकूंना केमो मिळाली ती दोनदाच.

पाचवं वळण: दुखणं

उपचार संपले की रुग्णाला घरी पाठवतात आणि फाइल बंद होते. दुखणं मात्र चालूच असतं. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या चालतात. त्या मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. तरीही त्या ठरावीक मान्यताप्राप्त दवाखान्यांतच मिळतात. वेदनाशमन विभाग, ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, तो कुठे आहे हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा. तिकडे जाणं म्हणजे आशा सोडणं नव्हे. केमो चालू असतानाही तिथे जाता येतं.

दुसरीकडे कशी जुळणी केली

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९५ साली काल्मन-हाइन अहवाल आला. कुठल्या गावी राहता त्यावर उपचार ठरतो, हे बरोबर नाही, असा त्यामागचा विचार. त्यांनी तीन पायऱ्या सुचवल्या: घराजवळचा डॉक्टर, जिल्ह्याचं रुग्णालय, आणि अवघड कर्करोगांसाठी मोजकी मोठी केंद्रं. नंतर तिकडे यकृत-पित्ताशयाची मोठी ऑपरेशनं थोड्याच केंद्रांत होऊ लागली.

आपल्या देशात २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या पुढाकाराने देशातली तीनशेहून जास्त रुग्णालयं आणि संस्था तिच्यात आल्या आहेत, आणि सगळीकडे उपचाराची पद्धत सारखी असावी असा प्रयत्न आहे. टाटाची रुग्णालयं परळपुरती राहिली नाहीत. गंगेच्या पट्ट्यातले रुग्ण दोन-दोन दिवस रेल्वेने मुंबईला यायचे. कुणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळायची, कुणी फुटपाथवर दिवस काढायचे. २०१८-१९ मध्ये वाराणसीत टाटाची दोन रुग्णालयं सुरू झाली, आणि जिथे हा रोग जास्त तिथेच उपचार पोचला. आपल्याकडे बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवण्याचं काम देशात पहिल्यांदा बार्शी भागात, १९८७ साली सुरू झालं. टाटा रुग्णालयात 'केवट' नावाचा कार्यक्रमही आहे. रुग्णाला या खिडकीवरून त्या खिडकीवर न्यायला, समजावून सांगायला माणसं तयार करतात. रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचं नाव दिलंय, आणि ते योग्यच आहे.

मोठं केंद्र दूर असणं गरिबाला जड जातं, हे खरं. आणि जवळच्या दवाखान्यात न जमणारं ऑपरेशन करून घेणं जिवावर बेततं, हेही खरं. आम्हाला यातून असं वाटतं की ऑपरेशन एकदाच होतं, त्यासाठी लांब जावं. केमो, रक्ततपासणी, स्टेंटची देखरेख आणि वेदनेची औषधं वारंवार लागतात, ती घराजवळ मिळावीत. आणि दोन्हींमध्ये एकच फाइल फिरावी.

पैशाची खिडकी

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण योजनेतलं प्रत्येक रुग्णालय प्रत्येक आजारासाठी नसतं. कुठे हाडांची ऑपरेशनं बसतात, कुठे कर्करोगाची. म्हणून "योजना आहे का" एवढंच विचारू नका. "या आजाराच्या या उपचारासाठी आहे का" असं आरोग्यमित्राला विचारा. हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे तिकिटात सवलत आहे. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

आता कागद-पेन घ्या

आमच्या गटाने काकूंनंतर एक पद्धत ठरवली. कुणालाही असा आजार निघाला की एक चेन असलेली पिशवी द्यायची. तिच्यात सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, स्कॅनची सीडी, ऑपरेशनचा कागद आणि वर एक कोरा पाठपोट कागद. त्यावर कुठल्या तारखेला काय झालं ते एकेका ओळीत लिहायचं. आणि सोबत जायला एकच बाई ठरवायची. दर खेपेला नवा माणूस गेला की मागचं पुढच्याला कळत नाही.

हे प्रश्न लिहून घ्या.

एक. काढलेली पिशवी तपासायला दिली का? रिपोर्ट कधी मिळेल, आणि वाचून कोण सांगेल?

दोन. स्टेंटच्या आधी सीटी किंवा एमआरआय झाला का?

तीन. माझे कागद ट्यूमर बोर्डासमोर ठेवता येतील का? इथे नसेल तर कुठे पाठवाल?

चार. असं ऑपरेशन इथे वरचेवर होतं का?

पाच. स्टेंट कसला आहे, कधी बदलायचा, आणि कुणी? ताप आला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा?

सहा. केमो माझ्या जिल्ह्यात घेता येईल का? तसं पत्र द्याल का?

हे विचारताना संकोच करू नका. "डॉक्टरसाहेब, आम्हाला समजत नाही, म्हणून लिहून आणलंय," असं म्हटलं की बहुतेक डॉक्टर रागावत नाहीत. काही तर कागद हातात घेऊन स्वतः उत्तरं लिहून देतात.

वहिनींना दुसऱ्या ऑपरेशननंतर सहा महिने गोळ्या होत्या. त्या त्यांनी घरीच घेतल्या, रक्त जिल्ह्याला तपासलं. आता तिसरं वर्ष चालू आहे. तपासणीची तारीख आली की त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि रिपोर्ट बरा आला की आम्हाला सगळ्यांना त्यांच्याकडचा चहा असतो. काकू कावीळ झाल्यापासून अकराव्या महिन्यात गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या मुलाला म्हणायच्या, "तुझी काही चूक नाही रे." खरंच नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आज एक काम करा. तुमच्या घरात, शेजारी, भावकीत कुणाचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं असेल तर तिला विचारा, "पिशवीचा रिपोर्ट आहे का?" पेटीत, गादीखाली, कपाटात असेल तर काढा आणि आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवा. दिला होता पण आणलाच नसेल, तर ऑपरेशनचा कागद घेऊन उद्याच दवाखान्यात जा आणि मागा. आणि कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर डबी हातात घेण्याआधी पहिला प्रश्न विचारायला विसरू नका.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.